स्विच बंद-चालू करण्याआधी : बेळगाव सीमाभागातील नव्या तंत्रज्ञांसाठी

बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे १९८६ साली सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेचे १२८ पोर्टांचे (जोडणीच्या जागांचे) पहिले ग्रामीण स्वयंचलित टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले. वातानुकूलन नसलेल्या खोलीत, धुळीत, उन्हाळ्याच्या उकाड्यात आणि केव्हाही जाणाऱ्या विजेवर चालेल असेच यंत्र हवे, हे मनात धरून त्याची रचना झाली होती. आज खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या भागांत इथरनेट स्विच (अनेक यंत्रांना एका नेटवर्कमध्ये जोडणारे यंत्र), ओएलटी (फायबरवरून अनेक ग्राहकांना सेवा देणारे केंद्राकडचे यंत्र) आणि राउटर आले आहेत. परंतु त्यांच्या वाट्याला येणारी खोली, हवा आणि वीज पुष्कळ ठिकाणी जुनीच आहे, आणि ही नवी यंत्रे तशा परिस्थितीसाठी बनवलेली असतातच असे नाही. आयटीआय किंवा डिप्लोमा करून स्थानिक इंटरनेट सेवेत, केबल व्यवसायात, साखर कारखान्यात किंवा एखाद्या रुग्णालयाच्या नेटवर्क विभागात नुकत्याच लागलेल्या मुलामुलींसाठी हे लिहीत आहे.

मी एक्स्चेंजच्या काळापासून या कामात आहे, आणि नवख्या तंत्रज्ञाच्या हातून होणारी एक चूक मला इतर सर्व चुकांहून अधिक नुकसानाची वाटते. तक्रार आली की तो धावत जातो आणि सर्वांत आधी स्विच बंद करून पुन्हा चालू करतो. सेवा सुरू होते, ग्राहकाचा फोन थांबतो, आणि दोष कशामुळे आला हे सांगणारा पुरावा त्याच क्षणी पुसला जातो, कारण बहुतेक स्विचमधील घटनांची नोंद चालू मेमरीत असते आणि वीज तुटताच ती रिकामी होते. चार दिवसांनी तोच दोष परत येतो आणि आपण पुन्हा पहिल्या पायरीवर उभे असतो. म्हणून या लेखातली प्रत्येक पायरी एकाच आग्रहाने लिहिली आहे: आधी पाहावे, मोजावे, लिहून घ्यावे आणि मगच हात लावावा.

खोलीत शिरल्यावरची पहिली दहा मिनिटे

खोलीचे दार उघडताच यंत्राकडे न जाता क्षणभर उभे राहावे. पंख्यांचा आवाज नेहमीसारखा आहे का, जळका वास येतो का, बॅटरीच्या बाजूला आंबूस वास आहे का, जमिनीवर पाणी आहे का, एवढे आधी टिपावे. त्यानंतर मोबाइलवर स्विचच्या दर्शनी बाजूचा फोटो काढावा, म्हणजे कोणता दिवा हिरवा, कोणता पिवळा आणि कोणता विझलेला होता हे नंतर आठवावे लागत नाही. मग वहीत घड्याळातील वेळ लिहावी, आणि त्याच वेळी स्विचच्या आतील घड्याळ काय दाखवते तेही लिहावे. नेटवर्कवरून वेळ मिळण्याची सोय लावलेली नसेल, तर स्विचचे घड्याळ अनेकदा चुकलेले असते आणि त्याच्या नोंदींतील वेळ आपल्या वेळेशी जुळत नाही.

यानंतर लॅपटॉपवरून स्विचशी थेट बोलण्यासाठीची कन्सोल केबल जोडावी. पुष्कळ स्विचचा कन्सोल ९६०० गतीवर, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही आणि १ स्टॉप बिट या मांडणीवर बोलतो. पडद्यावर अगम्य अक्षरे उमटली, तर गती चुकली आहे असे समजावे. जोडणी झाली की टर्मिनलच्या प्रोग्राममध्ये सर्व मजकूर फाइलमध्ये साठवण्याची सोय सुरू करावी आणि मग चारच गोष्टी विचाराव्यात: यंत्र किती वेळापासून चालू आहे, मागचे बंद पडणे कोणत्या कारणाने झाले, घटनांच्या नोंदीत काय आहे, आणि प्रत्येक पोर्टवर चुकांची संख्या किती आहे. तापमान आणि पंख्यांची स्थिती दाखवणारी आज्ञा असेल तर तीही द्यावी. चालू असलेली मांडणी (कॉन्फिगरेशन) कायमच्या मेमरीत साठवलेली आहे का, हे याच वेळी पाहावे. कोणीतरी सहा महिन्यांपूर्वी केलेला बदल साठवलाच नसेल, तर बंद-चालू केल्यावर तो नाहीसा होईल आणि एका दोषाचे दोन दोष होतील.

आपल्या भागापुरती एक सूचना येथेच करतो. तक्रारीचे फोन मराठीत आणि कन्नडमध्ये सारखेच येतात, आणि ‘नेट इल्लरी’ एवढेच सांगून समोरचा माणूस फोन ठेवतो. त्यामुळे गावाचे नाव, पोर्टचा क्रमांक आणि वेळ या तीन गोष्टी आपणच विचारून घ्याव्या लागतात. बेळगावचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झाले आहे, त्यामुळे जुन्या चिठ्ठ्यांवर एक नाव आणि नव्या मांडणीत दुसरे नाव असलेली एकच लिंक दोन वेगळ्या लिंक म्हणून मोजली गेल्याचे मी पाहिले आहे. केबलवरची चिठ्ठी, पोर्टचे वर्णन आणि वहीतील नोंद या तिन्ही ठिकाणी अक्षरशः एकच नाव असावे. ते कोणत्या भाषेतले आहे याला महत्त्व नाही.

वीज आणि बॅटरी

दूरसंचार यंत्रणेचा पुरवठा परंपरेने उणे ४८ व्होल्टचा असतो, म्हणजे बॅटरीचे धन टोक अर्थला जोडलेले असते आणि ऋण टोक यंत्राकडे जाते. नव्या मुलांना हे उलटे वाटते. यामागचे कारण जमिनीखालच्या तांब्याच्या केबलमध्ये आहे: ओल शिरलेल्या केबलमध्ये जी तार जमिनीच्या मानाने धन असते तिचे तांबे विद्युतरासायनिक क्रियेने झिजत जाते, आणि तार ऋण ठेवली तर ही झीज पुष्कळ कमी होते. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस पाहिलेल्या माणसाला हा निर्णय लगेच पटेल. स्विच फायबरवर चालत असला, तरी खोलीतील वीजसंच बहुधा याच पद्धतीचा असतो, म्हणून तार जोडताना रंगावर विसंबू नये, मीटर लावून खात्री करावी.

शिसे-आम्ल बॅटरीचा एक सेल २ व्होल्टचा धरला, तर ४८ व्होल्टसाठी २४ सेल लागतात. लहान नोडमध्ये (नेटवर्कची यंत्रे ठेवलेल्या ठिकाणी) १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या एकापुढे एक जोडून हेच साधले जाते. वीज असताना चार्जर त्यांना प्रत्येक सेलमागे साधारण २.२५ व्होल्टवर, म्हणजे एकूण ५४ व्होल्टच्या आसपास ठेवतो, आणि प्रत्येक १२ व्होल्टच्या बॅटरीवर सुमारे १३.५ व्होल्ट दिसतात. नवखा तंत्रज्ञ येथेच फसतो, कारण चार्जिंगवर असलेली बॅटरी निकामी असली तरी मीटरवर तंदुरुस्त दिसू शकते.

माझ्या बाबतीत हे खानापूर तालुक्यातील एका नोडवर घडले. स्विच दर दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी आपोआप बंद पडून सुरू होत असे. आधी आलेल्या लोकांनी त्याचा वीजपुरवठ्याचा भाग दोनदा बदलला होता आणि तरी दोष गेला नव्हता. मी गेलो तेव्हा नोडवरच्या वहीत बंद पडण्याच्या तारखा होत्या, पण वेळा नव्हत्या. त्या स्विचच्या नोंदीतून काढल्या. समोर पिठाची गिरणी होती. तिथल्या गिरणीवाल्या मामांना विचारले, ‘मामा, काल संध्याकाळी वीज किती वाजता गेली होती?’ ते म्हणाले, ‘सात वाजून गेले होते बघ. घाणा तसाच राहिला, बायका डबे ठेवून गेल्या.’ स्विचच्या नोंदीत ७ वाजून ९ मिनिटे होती. त्याआधीच्या दोन वेळाही मामांच्या आठवणीशी जुळल्या, आणि स्विच निर्दोष आहे हे त्या ओट्यावरच ठरले.

मग बॅटऱ्या तपासल्या. चार्जिंगवर चारही जणी १३.४ ते १३.६ दाखवीत होत्या. गावात फोन करून कल्पना दिली, रात्री अकरानंतर चार्जरचा मुख्य पुरवठा बंद केला आणि भार बॅटरीवर घेऊन प्रत्येकीवर पाळीपाळीने मीटर लावला. तीन बॅटऱ्या साडेबाराच्या आसपास थांबल्या. तिसऱ्या क्रमांकाची मात्र दुसऱ्याच मिनिटाला ९ वर, आणि तिथून बघता बघता ५ व्होल्टच्या खाली आली. चौघींची बेरीज ४३ च्या खाली जाताच संचातील संरक्षक रिलेने टक् असा आवाज करून भार तोडला. तो आवाज ऐकल्यावर दोनदा बदललेल्या वीजपुरवठ्याच्या भागांचा खर्च आठवून मला फार वाईट वाटले.

म्हणून नियम असा ठेवावा की दर तीन महिन्यांनी, सेवेची वेळ सोडून, बॅटरीवर भार देऊन प्रत्येक बॅटरीचा दाब पहिल्या, पाचव्या, पंधराव्या आणि तिसाव्या मिनिटाला लिहावा. एकच बॅटरी खचली असेल तर तिच्या जागी नवी बसवून बाकी तीन जुन्या ठेवण्याचा मोह होतो. पण जुन्या-नव्या मिसळल्या की चार्ज सारखा वाटला जात नाही आणि नवीही लवकर जाते. शक्य असेल तेथे चारही एकत्र बदलाव्यात. बॅटरीच्या खोलीची उष्णता हा खर्चाचा मोठा भाग आहे, कारण बंद प्रकारच्या शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य तापमान १० अंशांनी वाढले की सुमारे निम्म्यावर येते. पत्र्याच्या छपराखाली एप्रिल-मे काढणाऱ्या बॅटरीकडून कागदावरच्या वर्षांची अपेक्षा करू नये.

बॅटरीवर काम करताना अंगठी, कडे आणि धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काढून ठेवावे. पान्याच्या मुठीला इन्सुलेशन टेप गुंडाळलेली असावी. ४८ व्होल्टचा धक्का सहसा जिवावर बेतत नाही, म्हणून लोक गाफील राहतात. परंतु दोन टोकांवर पान्याने शॉर्ट झाला, तर शेकडो अँपिअर वाहतात आणि वितळलेला धातू डोळ्यांत उडतो. चष्मा न घालता मी माझ्या हाताखालच्या कोणालाही बॅटरीजवळ जाऊ देत नाही.

अर्थिंग आणि वीज पडणे

मृगाच्या आधीचे वळीव आणि परतीचा पाऊस या दोन काळांत विजेमुळे सर्वाधिक पोर्ट जळतात. अर्थचा रोध सामान्यतः लहान नोडवर ५ ओहमच्या आत आणि मोठ्या केंद्रावर १ ओहमच्या आसपास असावा. तो पावसाळ्यात मोजला तर चांगलाच येतो, म्हणून मे महिन्यात, जमीन पूर्ण कोरडी असताना मोजावा. खानापूरकडची तांबडी जांभ्याची जमीन पाणी धरून ठेवत नाही आणि उन्हाळ्यात तिचा रोध पुष्कळ चढतो. अथणी-रायबागकडची काळी जमीन ओल धरते, पण उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थच्या दांड्याभोवती पोकळी राहते. दोन्हीकडे खड्ड्यात पाणी घालण्याची तारीख वहीत असावी. स्विचची चौकट, बॅटरीचे धन टोक, सर्ज संरक्षक आणि रॅक हे सारे एकाच अर्थ पट्टीवर आणून सोडावेत. प्रत्येकाला वेगळा अर्थ दिला, तर वीज पडल्यावर त्यांच्यात दाबाचा फरक उभा राहतो आणि तो फरक पोर्टमधून वाट काढतो. एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत तांब्याची नेटवर्क केबल टाकू नये. अंतर ३० मीटर असले तरी फायबरच टाकावी.

धूळ, दमट हवा आणि पंखे

धूळ सगळीकडे सारखी नसते. वडगाव-शहापूर भागातील मागांच्या शेजारी कापसाचा तंतू उडतो आणि स्विचच्या जाळीवर नमद्यासारखा थर धरतो. निपाणीत तंबाखूची बारीक पूड असते, उद्यमबागेत ओतकामाची काळी धूळ, आणि कारखान्यांच्या पट्ट्यात गळीत हंगामात बगॅसची राख. ओतकामाच्या धुळीत धातूचा अंश असतो, म्हणून ती मला सर्वांत धोक्याची वाटते. जाळी किती दिवसांनी स्वच्छ करावी याचा एकच आकडा सगळ्यांना लागू होत नाही. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला तिचा फोटो काढावा आणि थर दिसू लागण्याआधीचा काळ हाच आपला नियम करावा.

साफ करताना ओले फडके वापरू नये. जाळी काढून बाहेर नेऊन झटकावी, आतील धूळ मऊ ब्रशने सैल करून ओढून घेणाऱ्या यंत्राने काढावी. ब्लोअर लावायचाच असेल तर पंख्याची पाती बोटाने किंवा प्लास्टिकच्या काडीने अडवून धरावीत, कारण जोराच्या हवेने पंखा त्याच्या मर्यादेपलीकडे फिरला तर बेअरिंग खराब होते. रिकाम्या स्लॉटवरची पत्र्याची पट्टी काढून टाकलेली असेल तर ती पुन्हा बसवावी. तिच्याशिवाय हवा जवळच्या वाटेने निसटते आणि शेजारचे कार्ड तापते. खानापूरच्या पावसाळ्यात मात्र धुळीपेक्षा दमटपणा जास्त छळतो. भिंतीला टेकलेल्या रॅकमध्ये मागच्या बाजूच्या टोकांवर हिरवट थर येतो. तेथे रॅक भिंतीपासून हातभर पुढे ओढावा. बाहेरून गार पेटीत आणलेले सुटे कार्ड लगेच न बसवता तासभर खोलीत ठेवावे, म्हणजे त्यावर धरलेले दव उडून जाते.

प्रकाशाची पातळी

लिंक गेली की पहिला प्रश्न असा: प्रकाश येतो आहे का, आणि किती? फायबरच्या टोकात कधीही डोळा लावून पाहू नये. १३१० आणि १५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. पॉवर मीटर लावावा, किंवा मॉड्यूलमध्ये (फायबर खोचण्याच्या, प्रकाश पाठवणाऱ्या-घेणाऱ्या भागात) सोय असेल तर स्विचलाच विचारावे.

मोजलेला आकडा चांगला की वाईट हे ठरवण्यासाठी तो किती यायला हवा होता हे आधी काढावे लागते. समजा मार्ग २५ किलोमीटरचा आहे आणि १३१० नॅनोमीटरवर चालतो. प्रत्येक किलोमीटरला ०.३५ डेसिबल धरले तर ८.७५ होतात. दर दोन किलोमीटरला एक याप्रमाणे १२ स्प्लायस (फायबरचे कायमचे सांधे), प्रत्येकी ०.१ धरून १.२, चार कनेक्टर, प्रत्येकी ०.५ धरून २. एकूण जवळपास १२ डेसिबल. पलीकडून उणे ३ डीबीएम (प्रकाशाची ताकद मोजण्याचे एकक) निघत असेल, तर आपल्याकडे उणे १५ च्या आसपास यायला हवे. उणे २१ आले, तर लिंक कदाचित चालू असेल, पण ६ डेसिबल वाटेत कोठेतरी जात आहेत आणि पुढच्या पावसात ती तुटणार आहे. लिंक चालू असतानाच हा हिशेब करून रॅकच्या दाराच्या आत चिकटवून ठेवावा.

हरवलेला प्रकाश शोधताना आधी कनेक्टर पाहावा. वडगावातील एका नोडवर आम्ही तीन तास मार्ग शोधत होतो; शेवटी छोट्या सूक्ष्मदर्शकातून पाहिल्यावर फेरूलच्या (कनेक्टरच्या टोकाच्या नळीच्या) मधोमध कापसाचा एक तंतू आडवा पडलेला दिसला. मानवी केसाहून बारीक, पण प्रकाश वाहणारा गाभा फक्त ९ मायक्रॉनचा असतो, त्यामुळे तेवढा तंतू पुरे झाला. टोक साफ करण्याची पद्धत ठरलेली आहे: तंतू न सोडणाऱ्या कोरड्या कागदावर किंवा क्लीनरच्या फितीवर टोक एकाच दिशेने एकदा ओढावे, पुढे-मागे घासू नये, पुन्हा पाहावे, आणि डाग राहिलाच तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून लगेच कोरड्या भागावर ओढावे. शर्टाला पुसणे आणि तोंडाने फुंकणे या दोन सवयी पहिल्याच आठवड्यात मोडाव्यात.

कनेक्टर स्वच्छ असेल तर रंग पाहावेत. हिरव्या टोकाचा कनेक्टर तिरका घासलेला असतो आणि निळ्या टोकाचा सरळ. हे दोन एकमेकांना जोडले तर मध्ये फट राहते आणि मोठा लॉस येतो. एकाच फायबरवर दोन्ही दिशा चालवणारी मॉड्यूल जोडीने लागतात, म्हणजे एका बाजूला पाठवणारी तरंगलांबी तीच दुसऱ्या बाजूला घेणारी असावी लागते. दोन्हीकडे एकसारखे मॉड्यूल बसवून तासन्‌तास डोके धरून बसलेले तंत्रज्ञ मी पाहिले आहेत. लांब पल्ल्याचे मॉड्यूल छोट्या पॅचकॉर्डने समोरासमोर जोडून तपासणी करू नये, मध्ये प्रकाश कमी करणारा अटेन्युएटर असावा, नाहीतर घेणारी बाजू जास्त प्रकाशाने निकामी होऊ शकते. शेवटी वाकण्याचा संशय असेल तर तीच फायबर १३१० आणि १५५० अशा दोन्ही तरंगलांबींवर मोजावी. वाकलेल्या जागी १५५० चा प्रकाश अधिक गळतो, त्यामुळे १५५० वर लॉस लक्षणीय जास्त दिसला, तर कोठेतरी केबल दाबली गेली आहे किंवा जॉइंटच्या डब्यात वेटोळे घट्ट बसले आहे असे समजावे. काळ्या जमिनीत पाइप सरकल्यामुळे असे वारंवार होते.

पोर्टवरच्या चुका आणि लूप

प्रकाश ठीक असून सेवा संथ असेल, तर पोर्टवरच्या चुकांचे आकडे वाचावेत. तेथे ४० हजार सीआरसी चुका (वाटेत बिघडून आलेल्या डेटाची मोजणी) दिसल्या म्हणून घाबरू नये, कारण त्या दोन वर्षांच्याही असू शकतात. आकडा लिहावा, दहा मिनिटे थांबावे, पुन्हा लिहावा. वाढ होत असेल तरच तो आजचा दोष आहे. सीआरसी वाढत असतील तर केबल, कनेक्टर किंवा मॉड्यूल यांपैकी एक बिघडलेले असते. तांब्याच्या पोर्टवर एका बाजूला सीआरसी आणि दुसऱ्या बाजूला उशिरा झालेल्या टकरी दिसत असतील, तर एका टोकाला गती आणि डुप्लेक्स (दोन्हीकडून एकाच वेळी बोलायचे की पाळीपाळीने) हाताने बांधलेले आहे आणि दुसरे टोक आपोआप ठरवणारे आहे असे जवळजवळ निश्चित समजावे. आपोआप ठरवणारी बाजू अशा वेळी अर्ध्या डुप्लेक्सवर जाते. दोन्ही बाजू आपोआप ठेवाव्यात, किंवा दोन्ही सारख्याच बांधाव्यात.

सर्व पोर्टांचे दिवे एकाच तालात अखंड लुकलुकत असतील, स्विचचा कन्सोल अडखळत असेल आणि नोंदीत एकच मॅक पत्ता (यंत्राचा ओळख-क्रमांक) दोन पोर्टांवर उड्या मारताना दिसत असेल, तर कोठेतरी लूप झाला आहे, म्हणजे डेटा एकाच वेटोळ्यात फिरत राहिला आहे. पुष्कळदा हे एखाद्या शाळेच्या संगणक कक्षात किंवा कार्यालयात घडते: टेबलाखालचा आठ पोर्टांचा साधा स्विच आणि दोन्ही टोके त्याच स्विचमध्ये खोचलेली एक केबल. येथेही स्विच बंद-चालू करून काही साधत नाही, कारण लूप बाहेर आहे आणि यंत्र सुरू होताच वादळ परत येते. नोंदीत उड्या मारणाऱ्या पत्त्यासोबत जे दोन पोर्ट लिहिलेले असतात, त्यांतला ग्राहकाकडे जाणारा पोर्ट आधी बंद करावा. नोंद वाचता येत नसेल इतके यंत्र गुदमरले असेल, तर खाली जाणाऱ्या केबल एकेक काढाव्यात, प्रत्येक वेळी १० सेकंद दिव्यांकडे पाहावे आणि कोणती काढल्यावर ते शांत झाले ते लिहावे. नंतर ग्राहकाच्या पोर्टांवर बीपीडीयू गार्ड (बाहेरचा स्विच किंवा लूप दिसताच पोर्ट बंद करणारी सोय) आणि ब्रॉडकास्टची, म्हणजे सर्वांना एकदम जाणाऱ्या डेटाची, मर्यादा लावून ठेवावी.

व्हीलॅनचा (एकाच स्विचवर पाडलेल्या वेगवेगळ्या नेटवर्क-गटांचा) दोष प्रथमदर्शनी यंत्र बिघडल्यासारखा वाटतो: दिवा हिरवा, चुका शून्य, तरीही सेवा नाही. अशा वेळी त्या पोर्टवर ग्राहकाचा मॅक पत्ता स्विचने शिकलेला आहे का आणि कोणत्या व्हीलॅनमध्ये, एवढे पाहावे. पत्ता चुकीच्या व्हीलॅनमध्ये असेल तर उत्तर तेथेच मिळाले. पत्ता नसेल तर ग्राहकाच्या बाजूचे यंत्र बोलतच नाही.

जुन्या ई-वन लिंक काही कार्यालयांत आणि कारखान्यांच्या ईपीएबीएक्सवर (अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंजवर) अजून आढळतात. २.०४८ मेगाबिटची ही लिंक ३२ टाइमस्लॉटची असते, आणि तिच्यावर दोष शोधण्याची सर्वांत जलद रीत लूप देण्याची, म्हणजे पाठवलेला सिग्नल मधूनच परत फिरवून पाहण्याची, आहे. मधल्या ठिकाणी एकदा आपल्या बाजूकडे आणि एकदा पलीकडे लूप द्यावा. ज्या बाजूचा अलार्म जात नाही त्या अर्ध्या भागात दोष आहे. मग त्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करावेत. एमडीएफवरील (बाहेरच्या तारा जेथे येऊन जोडल्या जातात त्या मुख्य चौकटीवरील) तारांच्या जोड्यांनाही हीच रीत लागू पडते.

कार्ड किंवा मॉड्यूल बदलताना

इतके करूनही संशय कार्डावर राहिला, तरच ते बदलावे. मनगटाला स्थिर वीज उतरवणारा पट्टा बांधून तो रॅकच्या अर्थला जोडावा. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत हे विशेष आवश्यक आहे. बदलण्याआधी मांडणीची प्रत स्विचबाहेर, लॅपटॉपवर घ्यावी. नव्या कार्डाचे सॉफ्टवेअर जुन्याशी जुळते का ते पाहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि किमान १५ मिनिटे थांबावे. कार्ड, केबल आणि मॉड्यूल एकदम बदलले की सेवा सुरू होते, पण दोषी कोण होते ते कळत नाही, आणि ते दोषी मॉड्यूल सुट्या भागांच्या डब्यात परत जाते. काढलेल्या भागावर तारीख, नोड आणि दिसलेले लक्षण लिहिलेली चिठ्ठी त्याच जागी चिकटवावी. शक्य असेल तर जुने कार्ड दुसऱ्या, कामात नसलेल्या स्लॉटमध्ये बसवून पाहावे. तेथे ते चालले, तर दोष स्लॉटच्या पिनांत किंवा बॅकप्लेनमध्ये (सर्व कार्डांना जोडणाऱ्या मागच्या पाटीत) आहे. पिन वाकलेली असेल तर जोर देऊन कार्ड आत ढकलू नये.

काम आटोपताना

सेवा सुरू झाल्यावर मांडणी साठवावी, चुकांचे आकडे शून्य करून ती वेळ लिहावी, आणि पुन्हा एकदा स्विचच्या दर्शनी बाजूचा फोटो काढावा. वहीत लक्षण, मोजलेले आकडे, केलेला बदल आणि न सुटलेला संशय या चार गोष्टी याच क्रमाने लिहाव्यात. न सुटलेला संशय लिहायला लोक कचरतात. पण पुढच्या पाळीच्या माणसाला त्याचाच सर्वाधिक उपयोग होतो. केबल आत येण्याच्या भोकांत गोणपाट कोंबलेले असेल तर ते काढून टाकावे, कारण ऊस तुटला की शेतातले उंदीर आसऱ्याला खोलीत येतात आणि गोणपाट त्यांना घरट्यासाठी आवडते; त्याऐवजी बारीक तारेची जाळी आत घालून वर सीलिंगची पुटी भरावी. दार ओढून घेण्यापूर्वी तक्रार करणाऱ्या ग्राहकाला त्याच खोलीतून फोन करून, नेट सुरू झाले का हे त्याच्याच तोंडून ऐकावे आणि त्याने सांगितलेली वेळ वहीतील शेवटच्या ओळीत लिहावी.